वॉली बायम
वॉलेस मर्ल बायम ऊर्फ वॉली बायम (४ जुलै १८९६, बेकर सिटी, ऑरेगन – २२ जुलै १९६२, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन उद्योजक, जाहिरातलेखक आणि प्रवासी होते. मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाच्या फिरत्या घरांची, म्हणजेच प्रवासी ट्रेलरांची निर्मिती करणाऱ्या एअरस्ट्रीम या कंपनीचे ते संस्थापक होत. या कंपनीचा गोलसर कडांचा, चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर विसाव्या शतकातील अमेरिकेच्या सर्वाधिक ओळखीच्या वस्तूंपैकी एक मानला जातो.

बायम यांनी हा व्यवसाय १९३० च्या दशकात, अमेरिकेतील महामंदीच्या ऐन भरात उभा केला. मंदीत लोक सर्वप्रथम चैनीच्या वस्तूंची खरेदी थांबवतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. फिरते घर ही तर उघडच चैनीची वस्तू. तरीही त्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ट्रेलरांची मागणी वाढत गेली आणि शेकडो लहानमोठे कारखाने निघाले. १९३७ नंतर त्यांतील बहुतेक बंद पडले. बायम यांची कंपनी या दोन्ही अवस्थांतून गेली, त्यामुळे मंदीच्या काळात या उद्योगाचे व त्याच्या ग्राहकांचे काय होते, याचा अभ्यास करताना बायम यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

पूर्वायुष्य

बायम यांचे आईवडील त्यांच्या बालपणीच विभक्त झाले. लहानपणीचा काही काळ त्यांनी आजोबांच्या सहवासात घालवला. आजोबांचा खेचरांच्या तांड्यावरून मालवाहतूक करण्याचा व्यवसाय होता. किशोरवयात बायम यांनी मेंढपाळाचे काम केले. त्या वेळी त्यांचा मुक्काम गाढवाने ओढायच्या एका दुचाकी गाड्यात असे. त्यात रॉकेलचा स्टोव्ह, शिधा, पाण्याची बादली आणि अंथरूण एवढेच सामान मावे. एअरस्ट्रीमच्या जन्मकथेत या गाड्याला मानाचे स्थान आहे. मात्र बायम स्वतः कसलेले जाहिरातलेखक होते आणि त्यांच्या बालपणीच्या अनेक गोष्टी आज आपल्याला त्यांच्या व कंपनीच्या प्रचारसाहित्यातूनच ठाऊक आहेत, हे ध्यानात ठेवणे योग्य.

शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली. पुढे १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी घेतली आणि लॉस एंजेलस येथे जाहिरातलेखन व नियतकालिकांचे प्रकाशन यांत जम बसवला.

आराखड्यांची विक्री

बायम यांना सहलींची आवड होती, पण त्यांची पहिली पत्नी मॅरियन यांना तंबूत, जमिनीवर झोपणे मान्य नव्हते. तेव्हा बायम यांनी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर फळ्यांचा तळ बसवला आणि त्यावर तंबू उभारण्याची सोय केली. हा तंबू उभारणे कटकटीचे होते आणि पाऊस आला की सगळाच बेत फसे. अखेरीस त्यांनी त्या तळावर पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, कायमस्वरूपी बंदिस्त खोली बांधली आणि तिच्यात लहानशी बर्फपेटी व रॉकेलचा स्टोव्ह बसवला.

याच सुमारास मिशिगन राज्यात आर्थर शर्मन नावाच्या जीवाणुशास्त्रज्ञावरही असाच प्रसंग गुदरला होता. झटपट उभा राहतो म्हणून विकत घेतलेला त्यांचा तंबू-ट्रेलर भर पावसात उभाच राहीना. त्यांनी मग स्वतःच लाकडी ट्रेलर बांधून घेतला आणि जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ‘कव्हर्ड वॅगन’ या नावाने मांडला. अमेरिकन ट्रेलर उद्योगाच्या दोन प्रमुख शाखांचा आरंभ अशा रीतीने भिजलेल्या तंबूपाशी येऊन पोहोचतो. पुढे मात्र या दोघांच्या वाटा अगदी भिन्न झाल्या.

बायम यांनी शंभर डॉलरांत ट्रेलर कसा बांधावा, हे सांगणारा लेख प्रसिद्ध केला. वाचकांकडून अधिक तपशिलांची मागणी येऊ लागली, तेव्हा ते सविस्तर आराखडे छापून अल्प किमतीत टपालाने विकू लागले. यातून चांगली मिळकत होऊ लागली. पुढे त्यांनी घराच्या अंगणात ओळखीच्या लोकांसाठी काही ट्रेलर बांधून दिले आणि १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलसजवळील कल्व्हर सिटी येथे लहानसा कारखाना काढला. तेथे ‘टॉर्पेडो’ नावाचा ट्रेलर तयार स्वरूपात मिळे. ज्यांना तेवढा खर्च झेपत नसे त्यांना नुसता आराखडा किंवा सुट्या भागांचा जोडसंच घेता येई. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड किंवा मॅसोनाइटचा पत्रा, अशी त्याची घडण होती. दोन चाकांच्या मध्ये तळ खाली घेऊन आत माणसाला ताठ उभे राहता येईल अशी उंची साधणे, ही बायम यांची महत्त्वाची सुधारणा होय.

महामंदी आणि ट्रेलरांची लाट

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे चौथा हिस्सा कामकरी वर्ग बेकार झाला होता. देशात १९२९ मध्ये सुमारे ४४ लाख प्रवासी मोटारी बनल्या होत्या. १९३२ मध्ये ही संख्या ११ लाखांवर आली. मोटारींचा धंदा असा चौथाईवर आलेला असताना त्यांच्यामागे जोडायच्या घरांना मागणी का यावी?

याची कारणे ग्राहकांच्या परिस्थितीत सापडतात. आधीच्या दशकात लाखो कुटुंबांनी मोटारी घेतल्या होत्या आणि हलाखीतही त्यांनी त्या सहसा विकल्या नाहीत. दरम्यान नव्या पक्क्या रस्त्यांचे जाळे विस्तारत होते. नोकरी टिकलेल्या मध्यमवर्गीयाला हॉटेल व रेल्वे यांचा खर्च वाचवून सुटी घालवण्याचा स्वस्त मार्ग ट्रेलरमुळे मिळाला. निवृत्त जोडपी थंडीत फ्लोरिडाकडे किंवा कॅलिफोर्नियाकडे जात आणि महिनोन्‌महिने ट्रेलरमध्येच राहत. तिसरा वर्ग होता तो कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी ट्रेलर ही चैन नव्हती, भाडे न देता डोक्यावर छप्पर राहील अशी ती तजवीज होती. यांतील अनेकांनी आपले ट्रेलर टाकाऊ लाकूड व जुनी चाके वापरून घरीच बांधले. बायम यांचे आराखडे घेणारा ग्राहक बऱ्याच अंशी असा, स्वतःच्या हाताने काम करणारा होता. श्रमाला मोल न उरलेल्या त्या काळात त्याच्यापाशी पैसा कमी आणि वेळ भरपूर होता.

शर्मन यांच्या कव्हर्ड वॅगन कंपनीने दुसरा मार्ग धरला. मोटारींप्रमाणे मोठ्या कारखान्यात, जुळणीच्या रांगेवर ट्रेलर बनवून ते सुमारे ४०० डॉलरांपासून विकणे, हे तिचे धोरण होते. १९३६ पर्यंत ती देशातील सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. तिचे यश पाहून सुतार, मोटारींच्या बॉडी बांधणारे, विमानांचे कारागीर असे अनेक जण या धंद्यात उतरले. उंची मोटारी बनवणाऱ्या, पण मंदीने खिळखिळ्या झालेल्या पियर्स-ॲरो कंपनीनेही तगून राहण्यासाठी ‘ट्रॅव्हलॉज’ नावाचे ट्रेलर बाजारात आणले. रॉजर बॅबसन या प्रसिद्ध अर्थतज्ज्ञांनी तर वीस वर्षांत निम्मे अमेरिकन लोक फिरत्या घरांत राहू लागतील, असे भाकीत केले. महामंदीच्या उंबरठ्यावर बाजार कोसळण्याचा इशारा त्यांनीच दिला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. हे भाकीत मात्र साफ चुकले.

‘क्लिपर’

विमानबांधणीच्या तंत्राने ट्रेलर बनवण्याची कल्पना मूळची बायम यांची नव्हे. तिचे श्रेय हॉली बोलस यांना जाते. बोलस हे ग्लायडरचे नामवंत रचनाकार होते आणि चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानाच्या बांधणीवर त्यांनी देखरेख केली होती. १९३४ मध्ये त्यांनी ड्युरालुमिनच्या पत्र्यांना रिव्हेट मारून ‘रोड चीफ’ हा अत्यंत हलका व सुंदर ट्रेलर तयार केला. त्याचे दार पुढच्या बाजूस, मोटारीला जोडायच्या दांड्याच्या वर होते. तो महाग होता, थोड्याच संख्येने बनला आणि १९३६ च्या सुमारास बोलस यांच्या कंपनीचे दिवाळे निघाले. बायम काही काळ बोलस यांच्या ट्रेलरांची विक्री करत होते. त्यांनी तीच रचना स्वीकारून दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या नावाने आपला ट्रेलर बाजारात आणला. हे नाव त्या काळी प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या पॅन ॲम कंपनीच्या ‘क्लिपर’ विमानांवरून घेतले होते.

क्लिपरमध्ये चार माणसांची झोपण्याची सोय, स्वतःचा पाणीसाठा, स्वयंपाकाचा बंदिस्त ओटा, विजेचे दिवे आणि उष्णतारोधक अस्तर होते. ड्राय आइसच्या, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने आतील हवा थंड ठेवण्याची सोयही घेता येई. किंमत होती १,२०० डॉलर. एवढ्या रकमेत त्या वेळी फोर्डच्या जवळपास दोन नव्या मोटारी आल्या असत्या. तरीही मागणी इतकी आली की कारखान्याला ती पुरी करता येईना. मंदीतही उत्पन्न शाबूत राहिलेला एक छोटा वर्ग होता. तो किमतीकडे पाहत नव्हता, टिकाऊपणा व वेगळेपण पाहत होता. बायम यांनी या वर्गासाठी क्लिपर ठेवला आणि त्याच वेळी मॅसोनाइटचे स्वस्त ट्रेलरही चालू ठेवले. शंभर डॉलरांच्या घरगुती ट्रेलरचा आराखडा आणि बाराशे डॉलरांचा क्लिपर ही दोन्ही एकाच माणसाने विकावीत, ही गोष्ट विसंगत भासते. प्रत्यक्षात मंदीने बाजाराचे जे दोन तुकडे केले होते, त्या दोहोंवर तो उभा होता.

१९३७ ची घसरण

१९३७ च्या उत्तरार्धात अमेरिकेची सावरू लागलेली अर्थव्यवस्था पुन्हा कोसळली. वर्षभरात औद्योगिक उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि बेकारी पुन्हा वाढली. या वेळी ट्रेलर उद्योगाला आधीच्या मंदीसारखी साथ मिळाली नाही. ज्यांना ट्रेलर हवा होता आणि परवडत होता, त्यांपैकी अनेकांनी तो आधीच घेतला होता. ट्रेलर-वस्त्या वाढल्यामुळे नगरपालिकांनी त्यांच्यावर निर्बंध घालण्यास सुरुवात केली होती. घरपट्टी न भरता गावाच्या शाळा, पाणी व रस्ते वापरणारे म्हणून या वस्त्यांकडे संशयाने पाहिले जाई. मोठ्या कारखान्यांनी मागील वर्षाच्या तेजीवर विसंबून यंत्रे व मनुष्यबळ वाढवले होते आणि आता त्यांच्या आवारात न विकलेला माल साचू लागला. पियर्स-ॲरो १९३८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. कव्हर्ड वॅगन कंपनीची विक्री झपाट्याने घसरली आणि पुढे तिने ट्रेलर बनवणे सोडून दिले.

१९३० च्या दशकातील तीनशेहून अधिक ट्रेलर उत्पादकांपैकी एकटी एअरस्ट्रीम तगली, असे कंपनीच्या इतिहासात व अनेक पुस्तकांत सांगितले जाते. हे विधान जपून वाचले पाहिजे. इंडियाना राज्यातील एल्कहार्टच्या शुल्ट कंपनीसारखे काही उत्पादक टिकून राहिले होते; फक्त ते पुढे सहलीच्या ट्रेलरांकडून कायम निवासाच्या घरांकडे वळले. शिवाय दुसऱ्या महायुद्धात खुद्द एअरस्ट्रीमही बंद पडली होती. त्यामुळे तिची परंपरा अखंड म्हणता येत नाही. पण बायम १९३७ च्या तडाख्यातून वाचले हे खरे. त्यामागे त्यांच्या व्यापारी धोरणाइतकाच कारखान्याच्या लहानपणाचाही वाटा होता. थोडे ट्रेलर बनवणाऱ्याच्या दारात न विकलेला माल फार साचत नाही.

महायुद्ध आणि पुनरारंभ

मंदीने जे केले नाही ते युद्धाने केले. १९४१ च्या अखेरीस अमेरिका युद्धात उतरल्यावर ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवण्यात आले. पेट्रोल व टायर यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि सहलीच्या ट्रेलरांचे उत्पादन थांबले. ज्या कारखान्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी सरकारी निवासी ट्रेलर बांधले ते चालू राहिले. बायम यांनी आपला कारखाना बंद केला आणि ते विमान उद्योगात नोकरीला लागले. युद्धानंतर काही काळ दुसऱ्या एका ट्रेलर कंपनीबरोबर काम करून त्यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलसजवळील व्हॅन नाइस येथे एअरस्ट्रीमचा पुन्हा आरंभ केला.

या वेळी त्यांच्यातील जाहिरातकार जागा झाला. ट्रेलर किती हलका आहे हे दाखवण्यासाठी १९४७ मध्ये त्यांनी आल्फ्रेड लतूर्नर या फ्रेंच सायकलशर्यतपटूकडून तो सायकलने ओढवून घेतला. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे कंपनीची ओळखखूण बनले. १९५२ मध्ये ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर या छोट्या गावात, पूर्वी बझूका तयार होत असलेल्या रिकाम्या इमारतीत, दुसरा कारखाना सुरू झाला. १९५७ मध्ये आलेल्या ‘इंटरनॅशनल’ या ट्रेलरमध्ये पाणी, वीज व सांडपाणी यांची बाहेरच्या जोडणीशिवाय व्यवस्था होती.

तांडे

१९५१ च्या डिसेंबरात बायम ६३ ट्रेलरांचा तांडा घेऊन मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या प्रवासास निघाले. रस्ते इतके खराब होते की अखेरपर्यंत केवळ १४ ट्रेलर टिकले. दुसऱ्या एखाद्या कारखानदाराने ही फजिती लपवली असती; बायम यांनी प्रत्येक मोडलेल्या भागाची नोंद करून पुढील रचनेत सुधारणा केल्या आणि नवे तांडे काढले. १९५५ मध्ये कॅनडातील केंटव्हिल येथे जमलेल्या प्रवाशांनी त्यांच्या नावाने मंडळ स्थापले. मंडळाच्या सदस्यांच्या ट्रेलरांवर लाल रंगात सदस्य क्रमांक लिहिण्याची प्रथा आजही पाळली जाते. १९५९–६० मधील केपटाउन ते कैरो हा ४१ ट्रेलरांचा प्रवास सर्वाधिक गाजला. या प्रवासात इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी तांड्याचे स्वागत केले आणि शेवटी हे ट्रेलर गिझाच्या पिरॅमिडपाशी जाऊन उभे राहिले.

या तांड्यांत मुख्यतः निवृत्त, सुस्थितीतील जोडपी असत. शंभर डॉलरांचा ट्रेलर स्वतः बांधणारा १९३० च्या दशकातील ग्राहक त्यांत दिसत नाही. बायम यांनी प्रवासाच्या अनुभवांवर ‘ट्रेलर ट्रॅव्हल हिअर अँड अब्रॉड’ हे पुस्तक लिहिले (१९६०). मॅरियन यांच्याशी घटस्फोट झाल्यानंतर त्यांनी स्टेला यांच्याशी विवाह केला होता. २२ जुलै १९६२ रोजी लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले.

निधनानंतरची कंपनी

१९६७ मध्ये एअरस्ट्रीम बिॲट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या ‘अपोलो ११’ च्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या कक्षात विलग ठेवले होते, तो एअरस्ट्रीमच्या ट्रेलरवरूनच तयार केलेला होता. ‘बांबी’ हा लहान ट्रेलर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

बायम यांच्या पश्चात या उद्योगाने आणखी तीन मोठ्या मंद्या पाहिल्या. १९७३ च्या तेलसंकटामुळे अमेरिकेतील फिरत्या घरांचा वार्षिक पुरवठा १९७२ मधील सुमारे ५ लाख ८३ हजारांवरून १९७४ मध्ये २ लाख ९६ हजारांवर आला. दुसऱ्या तेलसंकटात व चढ्या व्याजदरांत तो १९७८ मधील ३ लाख ९० हजारांवरून १९८० मध्ये १ लाख ७ हजारांपर्यंत घसरला. याच काळात, १९७९ मध्ये, एअरस्ट्रीमने स्वतःच्या नावाने इंजिनासह चालणारी मोटारहोम विक्रीस आणली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कारखाना बंद केला. इतका महाग व तेलखाऊ प्रकार बाजारात आणण्यास याहून वाईट मुहूर्त क्वचितच सापडला असता. १९८० मध्ये बिॲट्रिसने तोट्यातील एअरस्ट्रीम वेड थॉम्पसन व पीटर ऑर्थवाइन यांना विकली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्यांनी थोर इंडस्ट्रीज ही कंपनी उभारली, खर्च कमी केला आणि एअरस्ट्रीम पुन्हा नफ्यात आली.

तिसरी मंदी २००७–०९ ची. या वेळी तेलाच्या चढ्या भावांच्या जोडीला घरांच्या किमती कोसळल्या. घराच्या तारणावर कर्ज काढून फिरते घर घेण्याची रीत एकाएकी थांबली. ज्यांनी हप्त्यांवर घेतले होते त्यांच्या वाहनाची किंमत उरलेल्या कर्जाच्या खाली गेली, त्यामुळे ते विकूनही कर्ज फिटेना. २००६ ते २००९ या काळात एकूण पुरवठा ३ लाख ९० हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर आला. त्यातही इंजिनासह चालणाऱ्या मोटारहोमची घट अधिक तीव्र होती: सुमारे ५५,८०० वरून १३,२००. ओढायचे ट्रेलर स्वस्त असल्याने तुलनेने कमी घसरले. मोटारहोमच्या मोठ्या उत्पादकांपैकी फ्लीटवूड व मोनॅको या दोघांनीही मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. या उद्योगाचे केंद्र असलेल्या एल्कहार्ट परगण्यात तेव्हा जवळपास दर पाच कामगारांमागे एक बेकार होता. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी पदग्रहणानंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी २००९ मध्ये, या शहराला भेट दिली. एअरस्ट्रीमचे ट्रेलर आजही जॅक्सन सेंटर येथेच बनतात आणि त्यांचे पत्रे अद्याप रिव्हेट मारून जोडले जातात.